पहिली पॉवर काइट: घ्यायची कोणती, उडवायची कशी आणि थांबवायची कशी

संक्रांतीला पतंग उडवून ज्यांचे हात तयार झालेत, त्यांना पॉवर काइट, म्हणजे माणसालाही ओढू शकणारा कापडी पतंग, सोपी वाटते. वाऱ्याचा अंदाज असतो, नजर असते, उत्साह तर असतोच. पण त्याच हातांना ढील द्यायचीही सवय असते. ओढ वाढली की मांजा सोडायचा, हे बोटांना सांगावं लागत नाही. पॉवर काइटला ढील नसते. चक्री नसते, दोऱ्यांची लांबी वीस-पंचवीस मीटरवर कायमची ठरलेली असते आणि वाढलेली ओढ सरळ खांद्यांवर नि टाचांवर येते. त्यामुळे नवख्याने काइट वर न्यायच्या आधी ती बंद पाडायला शिकावं, असं माझं ठाम मत आहे. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

ही काइट म्हणजे काठ्या नसलेला कापडी पंख. पुढच्या कडेला असलेल्या तोंडांतून कप्प्यांत हवा भरते आणि त्या हवेनेच पंखाला आकार येतो. डॉमिना जालबर्ट यांनी अमेरिकेत १९६४ मध्ये या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि हीच रचना पुढे पॅराशूटमध्ये आणि पॅराग्लायडिंगच्या पंखातही आली. पतंगाने माणूस ओढायची कल्पना त्याहून खूप जुनी आहे. ब्रिस्टलचे शाळामास्तर जॉर्ज पोकॉक यांनी १८२६ मध्येच पतंगांनी ओढायच्या गाडीचं पेटंट घेतलं होतं.

आधी ओढीचा हिशेब

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी १५ किलोमीटरचा वारा २० झाला तर अंगाला फारसा फरक जाणवत नाही, पण दोरीवरची ओढ पावणेदोन पट होते. तोच वारा ३० झाला की चौपट. किनाऱ्यावर मस्त उडत असलेली काइट पाच मिनिटांत अंगावर का येते, त्याचं कारण हे.

दुसरी गोष्ट काइटच्या स्वतःच्या वेगाची. दोन चौरस मीटरची काइट ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्यात नुसती स्थिर उभी असेल तर ढोबळ हिशेबाने चारेक किलोची ओढ देते. तीच काइट समोरून आडवी धावायला लागली आणि तिच्यावरून जाणाऱ्या हवेचा वेग तिप्पट झाला, की ओढ नऊ पट, म्हणजे पस्तीस किलोच्या घरात जाते. वारा तोच, काइट तीच. म्हणून शिकताना काइट कुठे आहे आणि किती वेगात आहे, या दोन गोष्टींवर लक्ष ठेवायचं.

आता 'कुठे' म्हणजे काय ते बघू. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. डावीकडच्या जमिनीपासून डोक्यावरून उजवीकडच्या जमिनीपर्यंत एक मोठी कमान डोळ्यांसमोर आणा. घड्याळाप्रमाणे डोक्यावर १२, डावीकडे जमिनीलगत ९, उजवीकडे ३. या कमानीवर काइट असते तेव्हा ओढ कमी असते. कमानीच्या आत, तुमच्या अगदी समोर आणि खालच्या बाजूला, ओढ सगळ्यात जास्त. उडवणारे या सगळ्या पट्ट्याला विंडो म्हणतात आणि समोरच्या भागाला पॉवर झोन. पहिले काही दिवस आपलं काम कडेकडेने.

घ्यायची कोणती

पहिली काइट छोटी घ्या. दुकानदार किंवा एखादा उत्साही मित्र म्हणेल की 'वजन ऐंशी किलो आहे ना, मग चार चौरस मीटर चालेल.' ऐकू नका. उभ्या, धडधाकट माणसाला ओढत न्यायला मोठी काइट लागत नाही, थोडा जास्त वारा पुरतो.

साधारण तीन पर्याय समोर येतात. पहिला, दोन दोऱ्यांची छोटी फॉइल (अशीच हवेने फुगणारी काइट), साधारण १.४ ते १.८ मीटर रुंदीची. प्रिझमची सिनॅप्स किंवा एचक्यूची सिम्फनी बीच या जातीतल्या. मुलांबरोबर खेळायला आणि दिशा द्यायला शिकण्यासाठी उत्तम, ओढ माफक. दुसरा, तीन दोऱ्यांची, बार (दोन्ही हातांनी धरायचा दांडा) असलेली शिकाऊ काइट, जशी ओझोनची इग्निशन किंवा पीटर लिनची इम्पल्स. तिसरा, दोन हातांत दोन हँडल असलेली चार दोऱ्यांची. तिच्यावर ब्रेकचा ताबा फार छान मिळतो, पण हातांना एकाच वेळी चार दोऱ्यांचं भान ठेवावं लागतं.

प्रौढ माणसाला शिकायचं असेल तर मी दुसरा पर्याय सुचवेन, दोन ते अडीच चौरस मीटरचा. कारण तिसरी दोरी. ती काइटच्या मागच्या कडेला जोडलेली असते आणि दुसरं टोक पट्ट्याने तुमच्या मनगटाला असतं. बार हातातून सोडला की पुढच्या दोन दोऱ्या सैल पडतात, सगळा ताण मागच्या कडेवर येतो, पंखातली हवा जाते आणि काइट कापडासारखी खाली पडते. दोन दोऱ्यांच्या काइटला अशी सोय नसते. तिथे एका हातातली पट्टी सोडायची आणि दुसरी धरून ठेवायची, म्हणजे ती एका बाजूने लोंबकळून कोसळते. दोन्ही सोडल्या तर दोऱ्यांसकट उडत जाऊन कुणाच्या तरी अंगावर पडेल.

आकड्यांमध्ये एक फसगत होते. काही कंपन्या नावातला आकडा रुंदीचा देतात, काही क्षेत्रफळाचा. सिम्फनी बीचवरचं १.८ म्हणजे १.८ मीटर रुंदी. ओझोनसारख्यांचे आकडे चौरस मीटरचे असतात. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या 'दोन'मध्ये जमीनअस्मानाचा फरक असू शकतो. पैसे देण्याआधी एकक वाचा.

आपल्याकडे ही वस्तू प्रत्येक खेळाच्या दुकानात मिळत नाही, बरेच जण बाहेरून मागवतात, तेव्हा कस्टम्स धरून हिशेब करा. काइट घडी करून सॅकमध्ये मावते, त्यामुळे परदेशातून येणाऱ्या भाच्याला आणायला सांगणं जास्त सोपं. जुनी मिळत असेल तर कापड तोंडाला लावून फुंकून बघा. हवा सहज आरपार जात असेल तर ते कापड दमलंय. शिवणी, कन्नीच्या बारीक दोऱ्या आणि त्यांच्या गाठी एकेक करून बघा. मनगटाचा पट्टा आणि तिसरी दोरी नसेल तर तो सौदा सोडून द्या. हवा भरून फुगवायची काइटसर्फिंगची काइट 'स्वस्तात मिळतेय' म्हणून जमिनीवर शिकायला घेऊ नका. ती पाण्यासाठी असते आणि तिची ताकद नवख्याच्या हाताबाहेरची असते.

बरोबर लागणाऱ्या गोष्टी थोड्याच: सायकलचं का होईना पण हेल्मेट, गॉगल, गवतावर उडवणार असाल तर बूट, आणि जमिनीत ठोकायला एक खुंटी. कमरेला हार्नेस (काइट अंगाला जोडायचा पट्टा) बांधायचा नाही. ओढ हातांना पेलत नसेल तर ती कमरेलाही पेलणार नाही, फक्त सुटका अवघड होईल.

जागा, वारा आणि तिथी

शहरातलं मैदान मोहात पाडतं, पण चारी बाजूंनी झाडं आणि इमारती असतील तर वारा तुटक येतो. काइट वर जाते, दोऱ्या अचानक सैल पडतात, काइट मिटते आणि खाली येताना पुन्हा भरून झटका देते. नवख्याला यातून काहीच शिकता येत नाही. समुद्रावरून अडथळ्याविना येणारा वारा यासाठी सगळ्यात चांगला.

आपला कोकण किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. दुपारी जमीन तापली की खारे वारे सुटतात, समुद्राकडून जमिनीकडे. म्हणजे समुद्राकडे पाठ करून उभं राहावं लागतं आणि काइट उडते सुरूच्या बनाच्या, टपऱ्यांच्या आणि माणसांच्या बाजूला. म्हणून इथे खरा प्रश्न पुळणीच्या रुंदीचा असतो. दोऱ्या २५ मीटरच्या असतील तर दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास मीटर आणि समोर शंभर मीटर मोकळं हवं. एवढी जागा भरतीला मिळत नाही, ओहोटीला मिळते. शिवाय ओहोटीची ओली वाळू घट्ट असते, टाच रोवता येते.

इथे कोकणातला जुना हिशेब कामाला येतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. एकादशीला सव्वाआठच्या सुमारास भरती, म्हणजे अडीचच्या सुमारास पूर्ण ओहोटी. चतुर्दशीला साडेदहाची भरती, पावणेपाचची ओहोटी. खाऱ्या वाऱ्याचा जोर आणि रुंद पुळण एकत्र हवी असेल तर शुद्ध किंवा वद्य एकादशी ते चतुर्दशीच्या दुपारी किनारा गाठा. हिशेब ढोबळ आहे. त्या दिवशीचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघाच, आणि कोळीवाड्यात विचारलं तर सगळ्यात बरं. हंगाम पावसाळा संपल्यापासून मेपर्यंत. पावसाळ्यातला वारा झोताझोताने येतो, तो नवख्यासाठी नाही.

गर्दीच्या वेळचं अलिबाग नको, काशीदचा रविवारही नको. घोडागाड्या आणि वाळूवर पळणाऱ्या मोटारी असल्या ठिकाणी दोऱ्या पसरणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. जुहूला लागूनच हेलिकॉप्टरचा तळ आहे, तिथे तर नाहीच. १९३४ च्या भारतीय विमान कायद्याने विमानाच्या व्याख्येत फुगे नि ग्लायडरबरोबर पतंगही धरला होता, तेव्हा विमानतळाजवळ हा खेळ पोरखेळ समजला जाणार नाही. चिपी आणि दाबोळी विमानतळांच्या परिसरालाही हेच लागू. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या वाचकांसाठी: तिथे परवानगीशिवाय पतंग ६० मीटरच्या वर नेता येत नाही. वेळास, आंजर्ले, गुहागर किंवा गोव्यात मोरजीला असाल तर भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत दोऱ्या ओढू नका, खुंट्या ठोकू नका. तिथे कासवांची घरटी असतात.

वारा मोजायला छोटं यंत्र मिळतं, पण डोळेही शिकवा. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलतायत, हलका झेंडा फडकून पसरलाय, तो ताशी १२ ते १९ किलोमीटरचा वारा. शिकायला हाच. धूळ आणि कागद उडायला लागले, छोट्या फांद्या हलतायत, समुद्रावर पांढऱ्या फेसाचे तुरे जागोजागी दिसतायत, तर वारा २० ते २८ च्या घरात आहे. पहिल्या आठवड्यात अशा वाऱ्यात काइट पिशवीतून काढू नका. सुकी वाळू घोट्याला टोचत पळायला लागली तर अनुभवी माणसंही लहान काइट काढतात. ढग दाटले किंवा लांब कुठे गडगडलं की गुंडाळायचं, मग हात कितीही शिवशिवत असोत.

दोऱ्या

या दोऱ्या बहुधा डायनीमा या कृत्रिम धाग्याच्या असतात. बारीक, गुळगुळीत, जवळजवळ न ताणणाऱ्या. त्यांना काच लावलेली नसते, पण ताणलेल्या असताना बोटाभोवती फिरल्या तर बोट कापतात. उडत्या काइटची दोरी हाताने कधीही पकडायची नाही, आणि कुणाला पकडूही द्यायची नाही. 'जरा धरतो' म्हणत पुढे येणाऱ्या काकांनाही नाही.

डायनीमा साधारण १४५ अंशाला वितळतो. दुसऱ्या कुणाची दोरी एकाच जागी घासत राहिली तर तेवढी उष्णता क्षणात तयार होते. म्हणून मांजावाल्या पतंगांच्या जवळ पॉवर काइट उडवू नये. संक्रांतीच्या आठवड्यात तर मी ती बाहेरच काढू नका म्हणेन. २०१७ मध्ये हरित लवादाने नायलॉन मांज्यावर बंदी घातली, ती योग्यच आहे, आणि त्या दिवसांत किनाऱ्यावरच्या पोलिसाला तुमची चकचकीत दोरी वेगळी आहे हे पटवत बसण्यात अर्थ नाही.

दोऱ्यांची लांबी सारखी हवी. एका बाजूची दोरी दोन-तीन सेंटिमीटर जरी लहान असली तरी काइट सतत त्या बाजूला वळते आणि नवखा समजतो की आपलंच चुकतंय. नव्या दोऱ्या पहिल्या काही दिवसांत थोड्या बसतात. डाव्या-उजव्या दोऱ्यांची एकीकडची टोकं एकाच खुंटीला अडकवा, दुसरीकडची टोकं एकत्र धरून चांगली ओढा. फरक दिसला तर टोकाच्या जाड वेष्टणातली गाठ सरकवून तो काढा. दहा मिनिटांचं काम आहे, पण पुढची सगळी दुपार सुखाची होते.

मांडणी

वाऱ्याकडे पाठ करा. काइट वाऱ्याच्या दिशेने पुढे, पाठीवर झोपवा, म्हणजे कन्नीच्या दोऱ्या वर येतील. मागची कड तुमच्याकडे, हवेची तोंडं पलीकडे. मागच्या कडेवर लगेच चार-पाच ओंजळी ओली वाळू टाका, नाहीतर वाऱ्याची झुळूक कडेखाली शिरते आणि दोऱ्या जोडायच्या आधीच काइट चालू पडते. मग दोऱ्या उलगडत मागे चालत या. उजवी दोरी उजव्या बाजूला, डावी डावीकडे, तिसरी मधोमध. रंग कोणत्या हाताचा ते पुस्तिकेत बघा, प्रत्येक कंपनीचं वेगळं असू शकतं. बार हातात घ्यायच्या आधी मनगटाचा पट्टा चढवा.

मागे येताना दोऱ्यांवर सांडलेलं गवत, शेवाळ, काटक्या काढून टाका. आणि समोर बघा. कुणी चालत येतंय का, कुत्रं आहे का, वर विजेच्या तारा आहेत का. तारा दिसत असतील तर जागा बदला. काइट तारेत अडकलीच तर ओढू नका, दोरी सोडून लांब व्हा आणि महावितरणला फोन करा.

आधी बंद पाडा

पहिल्या दिवशी काइट वर नेण्याआधी हा सराव करा. दोन पावलं मागे जाऊन काइटमध्ये हवा भरू द्या, ती गुडघाभर उठली की बार सोडा. ती पडेल. पुन्हा मांडा, पुन्हा उठवा, पुन्हा सोडा. कंटाळा येईपर्यंत. घाबरलेला माणूस बार घट्ट आवळतो, ही आपली उपजत खोड आहे, आणि ती मोडायला बोलून उपयोग नाही, हातांनाच सवय लावावी लागते.

दुसरी सवय पायांची. ओढ वाढली की मागे रेलावंसं वाटतं. त्याने काइटला आणखी जोर मिळतो. काइटच्या दिशेने चार पावलं पुढे चाला किंवा पळा, ओढ लगेच उतरते. हे दोन उपाय, पुढे चालणं आणि बार सोडणं, अंगात मुरले की निम्मं शिक्षण झालं.

आता वर

मागच्या कडेवरची वाळू बरीचशी निघून जाईल इतपत दोऱ्या ताणा आणि एक-दोन पावलं मागे या. काइट फुगून उभी राहील आणि सरळ वर निघेल. हे सगळं समोरून, पॉवर झोनमधून होतं, म्हणून पहिली दोन सेकंदं ओढ जाणवेल. काही करू नका. बार छातीच्या खाली, हात थोडे वाकलेले, आणि काइटला १२ वर जाऊ द्या. तिथे ती शांत होते.

डावा हात स्वतःकडे ओढला की काइट डावीकडे वळते, उजवा ओढला की उजवीकडे. बार गाडीच्या स्टिअरिंगसारखा फिरवायचा नसतो, एक टोक पोटाकडे घ्यायचं असतं. सुरुवातीला सगळेच हात डोक्यावर नेतात आणि गरजेच्या दुप्पट ओढतात. चार बोटं ओढा आणि थांबा. काइटला उत्तर द्यायला क्षणभर लागतो. तो क्षण सोसला नाही की उलटं ओढलं जातं, मग पुन्हा उलटं, आणि काइट वाळूत.

१२ वरून ११, परत १२, मग १ आणि परत. हे डोळे मिटून जमायला लागलं की १० आणि २ पर्यंत. मग आडवा इंग्रजी आठ काढायला घ्या, आधी वरच्या भागात, जिथे ओढ कमी आहे. प्रत्येक वळण वरच्या दिशेने घ्या. खालच्या दिशेने घेतलेलं वळण काइटला पॉवर झोनमधून वेगाने नेतं. ती मजा पुढची आहे.

एक पूर्ण फेरी घेतली की दोऱ्यांना पीळ पडतो. घाबरू नका, डायनीमा एकमेकांवरून सहज घसरतो, तीन-चार पिळांनंतरही काइट ऐकते. उलट्या बाजूने तेवढ्याच फेऱ्या घेतल्या की पीळ निघतो.

उतरवायची असेल तेव्हा १२ वरून हळूहळू ३ किंवा ९ कडे, कमानीच्या कडेकडेने खाली आणा. जमिनीजवळ ती आपोआप दमते आणि टेकते. टेकल्यावर बार खुंटीला अडकवा, चालत जा आणि काइटवर वाळू टाका. वाळू टाकल्याशिवाय चहाला जायचं नाही. मोकळी पडलेली काइट एखाद्या झोताने पुन्हा उठते, तेव्हा बारपाशी कुणीही नसतं.

काइट १२ वर, बरोबर डोक्यावर असताना वाऱ्याचा झोत आला तर ती माणसाला वर उचलू शकते, मोठ्या काइटमध्ये तर नक्कीच. म्हणून मुद्दाम उडी मारायचे व्हिडिओ बघून तसं करायला जाऊ नका. त्यातली माणसं मोकळ्या किनाऱ्यांवर वर्षानुवर्षं सराव केलेली असतात. मुलांच्या हातात द्यायची तर दोन दोऱ्यांची छोटीच, मोठं माणूस शेजारी उभं असताना, आणि मुलाच्या मनगटाला काहीही घट्ट न बांधता.

घरी आल्यावर

बारवर दोऱ्या गुंडाळताना इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या आडव्या-तिडव्या गुंडाळा, म्हणजे उलगडताना पीळ पडत नाही. कप्प्यांत गेलेली वाळू काइट मागच्या कडेला धरून झटकून काढा. समुद्राच्या पाण्यात भिजली असेल तर गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत पूर्ण वाळवा. उन्हात ठेवलेलं कापड लवकर विरतं, ओलं बांधलेलं कापड बुरसतं. कन्नीच्या दोऱ्या आणि मनगटाचा पट्टा दर वेळी नजरेखालून घाला, कारण सुटकेचा सगळा भार त्याच पट्ट्यावर असतो.

ताशी १८-२० किलोमीटरच्या वाऱ्यात दोन्ही बाजूंना आठ काढता येतो, हव्या त्या जागी उतरवता येते आणि बार सोडताना मनात चलबिचल होत नाही, असं झालं की तीन चौरस मीटरचा विचार करा. मोठ्या काइटचा पहिला दिवस मात्र सगळ्यात मंद वाऱ्याचा निवडा, आणि तेव्हाही आधी ती गुडघाभर उठवून बार सोडायचा.